आपल्याच बायकोशी लग्न

"इथे तुम्ही माझे कोणी लागतच नाही हो," जयमाला फोनवर म्हणाली, आणि नंदकिशोर तिरोडकरच्या हातातला रिसीव्हर सुटता सुटता राहिला.

मस्कतहून आलेला कॉल. चौऱ्याऐंशी साल. वाशीत तेव्हा एका बिल्डिंगीत एखाद्याकडे फोन असला तर असला. यांच्या बिल्डिंगीत तो तळमजल्यावरच्या मालतीबाईंकडे होता. कॉल आला की मालतीबाई जिन्यात उभ्या राहून "ओ तिरोडकर, मस्कत!" अशी हाक मारायच्या, आणि तिरोडकरांबरोबर निम्मी बिल्डिंग खाली उतरायची. त्या सगळ्यांच्या देखत नंदकिशोर ओरडला, "कोणी लागत नाही म्हणजे? शुद्धीवर आहेस ना? नवरा आहे मी तुझा!"

"मला ठाऊक आहे. इथल्या हॉस्पिटलच्या ऑफिसला नाही ना ठाऊक! तुमच्या व्हिसाचं विचारायला गेले, तर त्यांनी माझी फाईल काढली. म्हणाले, कुठला नवरा? सिस्टर, तुम्ही तर अविवाहित आहात. आता मी काय सांगू, तुम्हीच सांगा."

पुढे खरखर झाली आणि लाइन तुटली.

"काय म्हणते? कधीचं तिकीट?" मालतीबाईंनी विचारलं.

"लाइन क्लिअर नव्हती," नंदकिशोर म्हणाला आणि जिना चढायला लागला. पहिल्या मजल्यावर त्याला बसावंच लागलं. 

आता चूक कोणाची, तर शंभर टक्के याचीच. उगाच मस्कतच्या शेखाला बोल लावण्यात अर्थ नाही.

जयमाला वाशीच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. हुशार, हात हलका. तिचं टोचलेलं इंजेक्शन कळत नाही म्हणून पेशंट तिलाच मागायचे. दोन वर्षांपूर्वी मस्कतच्या एका खासगी हॉस्पिटलसाठी भरती निघाली. फोर्टातल्या एजंटाने तिचे सगळे कागद बघितले, खूश झाला, आणि शेवटी म्हणाला, "पण मॅडम, त्यांना अविवाहित नर्सेस पाहिजेत."

जयमाला पर्स उचलून उठली होती. नंदकिशोरने तिला हाताला धरून खाली बसवलं. "मग कुमारीच आहे ती," तो एजंटाला म्हणाला. "बघा ना, सगळ्या कागदांवर काय नाव आहे?"

आणि खरंच, सगळ्या कागदांवर कुमारी सुनीती भगवान आरोलकर असंच होतं. नर्सिंगचं शिक्षण माहेरी झालेलं, सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची. जयमाला हे नाव लग्नात मिळालेलं. सासूने ठरवलं, भटजींनी सांगितलं, नंदकिशोरने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, आणि सुनीतीची जयमाला झाली. आपल्याकडे असंच चालतं. मुलीचं नाव, आडनाव, बापाचं नाव, सगळं एका सकाळीत बदलतं आणि कुठल्या सरकारी कागदावर त्याची रेघसुद्धा उमटत नाही. लग्नाची नोंदणी करायला कोण जातंय? भटजी आले, अक्षता पडल्या, पाचशे पानं उठली, झालं लग्न.

"अहो, पण खोटं आहे हे," जयमाला खालच्या आवाजात म्हणाली होती.

"अगं, कागदावरचं आहे. कागदाने काय माणूस बदलतं? टेन्शन नको घेऊ."

पासपोर्टही तसाच निघाला. विमानतळावर जायच्या दिवशी मंगळसूत्र कोणी काढायचं असा प्रश्न आला. तिचे हात होईनात. तेव्हा यानेच हुक सोडवून ते कपाटात ठेवलं, आणि वर चेष्टा केली, "चला, सुटलात तुम्ही, कुमारी आरोलकर!" ती हसली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढचं तर आणखी मोठं. वर्षा-दीड वर्षाने जयमालाचं पत्र आलं की तिला सिस्टर-इन-चार्ज केलंय, आणि त्या हुद्द्याच्या बाईला राहायला घर मिळतं, हॉस्पिटल नवऱ्याला व्हिसा देतं, असं ऐकलंय. असं ऐकलंय, एवढंच. पण नंदकिशोर ते पत्र हातात घेऊन बिल्डिंगभर फिरला. तो वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. पुढच्याच आठवड्यात मॅनेजर डबे मोजण्यावरून काहीतरी बोलला, तर या पठ्ठ्याने "ठेवा तुमची नोकरी! मी चाललो मस्कतला!" म्हणून राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला. कॅन्टीनमध्ये निरोपसमारंभ झाला. हार, पेढे, मोठी सूटकेस भेट. सुभाष, त्याच्या शेजारच्या टेबलावरचा मित्र, भाषणात रडला. घरी परत येताना नंदकिशोर हार गळ्यात तसाच ठेवून बसमध्ये बसला होता.

तेव्हापासून सगळी सोसायटी त्याला मस्कतकर म्हणायची. आणि मस्कतकर आता पहिल्या मजल्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला, नोकरी नाही, व्हिसा नाही, आणि बायको म्हणते तुम्ही कोणी लागत नाही.

उपाय सुभाषने काढला. "सिम्पल आहे यार. ती कुमारी आहे ना? मग कर ना लग्न तिच्याशी! रजेवर येईल, रजिस्टर लग्न करा ठाण्याला, सर्टिफिकेट घेऊन जाईल. रजेत लग्न केलं म्हणून सांगेल. कोण नाही म्हणणार?"

नंदकिशोरने त्याला कडकडून मिठीच मारली. असं डोकं चालायला पाहिजे! रात्रीच्या आत त्याने जयमालाला पत्र लिहून टाकलं. अर्ज तिकडे गेला, तिची सही होऊन परत आला, ठाण्याच्या ऑफिसात नोटीस लागली. नंदकिशोर मुद्दाम बोर्ड बघायला गेला. काचेच्या आत टाईप केलेलं होतं, वर नंदकिशोर दत्तू तिरोडकर, अविवाहित, आणि वधू सुनीती भगवान आरोलकर, अविवाहित. कोणाची हरकत असल्यास कळवावे. त्याला हसूच आलं.

आईला मात्र हसू आलं नाही. "म्हणजे काय रे? लगीन झालेल्या बायकोशी परत लगीन? माणसां काय म्हनतली?"

"आई, नुसतं कागदावरचं."

"सगळाच कसा रे तुझा कागदावरचा?" म्हातारी म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. साक्षीदार तीन लागतात म्हणून शेवटी तीही कबूल झाली. बाकीचे दोन सुभाष आणि मालतीबाई. मालतीबाईंना विश्वासात घेणं भागच होतं, फोन त्यांचा होता.

जयमाला रजेवर आली. वाळली होती. सासूने तिला जवळ घेतलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि "गो बाय, खातस काय नाय?" असं म्हणून सोलकढी करायला आत गेली. नंदकिशोर मात्र ठाण्याचा बेत सांगत सुटला. तिकडे गेल्यावर हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये त्याला जागा मिळेल का, घर कसं आहे, कूलर आहे का. ती हो-नाही एवढंच बोलायची. बिल्डिंगमधली माणसं येऊन जात होती. दोघांना धड एकटं बसायलाच मिळालं नाही.

ठाण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "जरा खाडीपर्यंत जाऊन येऊ."

बांधावर दोघं बसले. समोर पुलावरून मुंबईच्या बसगाड्या येत होत्या. ती एकदम बोलली.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. पत्रात लिहिता येत नव्हतं. माझी पत्रं तुम्ही बिल्डिंगभर वाचून दाखवता."

"मग काय झालं? कौतुकच करतात सगळे."

"मी गेले ना, तेव्हा मला दिवस गेले होते."

नंदकिशोरला आधी समजलंच नाही.  लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. आईचे नवस, डॉक्टरच्या खेपा, शेजारणींचे प्रश्न. सगळं करून मूल नव्हतं.

"मलाही तिथे गेल्यावरच कळलं," ती पाण्याकडे बघत सांगत होती. "कुमारी मी. कोणाला सांगणार? तिथे लग्नाशिवाय दिवस गेले म्हणजे जेल नाहीतर पहिल्या विमानाने परत. मी पोटाला पदर... पदर कुठला, युनिफॉर्मचा पट्टा आवळून ड्युटी केली. उचलू नये ते उचललं. आणि एक दिवस बाथरूममध्येच सगळं संपलं. अन्नम्मा म्हणून माझी रूममेट आहे केरळची, तिने निस्तरलं. सगळं हॉस्पिटल डॉक्टरांनी भरलेलं, आणि मी एकालाही हाक मारू शकले नाही. दुसऱ्या दिवशी प्रसूती वॉर्डातच ड्युटी होती माझी. बाळांना अंघोळी घातल्या."

नंदकिशोरच्या मनात आलं, आपलं मूल. होतं आणि गेलं, आणि आपण काही न कळता पुढे पावण्याच्या कॅन्टीनमध्ये गळ्यात हार घालून पेढेसुद्धा खाल्ले. त्याला खूप काही बोलायचं होतं. तिचा हात धरायचा होता. पण माणसाच्या तोंडून वेळेवर निघायचं तेच निघत नाही.

"कोणाला कळलं नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं झालं. नाहीतर नोकरी गेली असती तुझी. आपला व्हिसाही बोंबलला असता."

अरे माणसा! दुसरं काहीही बोलला असतास. नुसता गप्प बसला असतास तरी चाललं असतं.

जयमालाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, बस चुकल्यावर माणूस रिकाम्या रस्त्याकडे बघतं, तसं. मग साडी झटकून उठली. "चला, आई वाट बघत असतील."

घरी येऊन नंदकिशोर मोरीत गेला, नळ मोठा सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. खरंच रडला, ढसाढसा. पण हे तिला कधी सांगितलं का? छे! डोळे धुऊन बाहेर आला आणि म्हणाला, "उद्या लवकर निघायला हवं. ठाण्याची एसटी भरून येते."

दुसऱ्या दिवशी पाचहीजण ठाण्याला पोचले. मालतीबाईंनी हौसेने गजरे आणले होते. एक त्यांनी जयमालाच्या केसांत माळला. कचेरीच्या बाकावर आणखी दोन-तीन जोडपी बसली होती, कोवळी, घाबरलेली, घरच्यांना चुकवून आलेली. त्यांच्यात म्हातारी आई नऊवारी सावरत बसली आणि एका मुलीला विचारू लागली, "तुझ्या घरची माणसां खंय?" ती मुलगी रडायलाच लागली. नंदकिशोरने आईला "तू गप्प बस गं" म्हणून दटावलं.

नावं पुकारली. साहेब वयस्कर होते, चष्म्याच्या वरून बघणारे. त्यांनी दोघांपुढे एकेक छापील कागद ठेवला. "प्रतिज्ञापत्र आहे. वाचा आणि सही करा. मग एकमेकांना उद्देशून दोन ओळी म्हणायच्या, की झालं लग्न."

नंदकिशोरने न वाचताच सही ठोकली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आईने अंगठा उठवला. जयमाला वाचत होती. सावकाश, बोट फिरवत.

"बाई, करा सही," साहेब म्हणाले.

"साहेब, यात खोटं असलं तर सही करायची नसते ना?"

"अर्थात. गुन्हा आहे तो. का, कोणी जबरदस्ती करतंय का तुमच्यावर?"

"नाही. पण यात लिहिलंय, माझं याआधी लग्न झालेलं नाही." तिने पेन टेबलावर ठेवलं. "ते झालंय की नाही, हे एकदा यांनी सांगावं. ते सांगतील ते मला मान्य आहे."

 नंदकिशोरला कळेना. ही काय करतेय? वेड लागलंय का हिला?

तेवढ्यात आई उठली. "सांगूचा काय त्यात? सात वर्सां झाली लगनाक! माझी सून ती! सायबानू, माझ्या दारात मी तिका ओवाळून घेतलंय!"

सुभाषने कपाळावर हात मारला. साहेबांनी चष्मा काढला, नंदकिशोरची सही पाहिली, मग नंदकिशोरला पाहिलं.

"मिस्टर तिरोडकर, हा काय प्रकार आहे? या बाईंशी तुमचं आधीच लग्न झालंय?"



साहेब वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, झालं असेल तर आत्ता सांगा. हा कागद मी फाडून टाकतो. झालेल्या लग्नाचीही नोंद होते. रीतसर अर्ज करा, खऱ्या तारखेचं सर्टिफिकेट मिळेल, तुम्ही नवरा-बायको म्हणून घरी जा. पण आत्ता खरं बोला."

खऱ्या तारखेचं! म्हणजे सात वर्षांपूर्वीचं. ते सर्टिफिकेट मस्कतला दाखवलं की मिस आरोलकर खोटं बोलून नोकरीला लागल्या हे उघड. मग कसला व्हिसा? तिची नोकरीही जाणार. आणि आपण? परत पावण्याला जाऊन त्या मॅनेजरपुढे हात जोडायचे? सूटकेस परत करायची? बिल्डिंगमध्ये कुठल्या तोंडाने हिंडायचं? हे सगळं नंदकिशोरच्या डोक्यात एका झटक्यात येऊन गेलं. जयमाला त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत त्याला काहीतरी दिसलं होतं, अगदी आर्जवाचं. पण त्याला वाटलं, ही सांभाळून घे म्हणून खुणावतेय.

"नाही साहेब," तो म्हणाला. "लग्न झालेलं नाही आमचं."

"आणि या आजी म्हणतात ते?"

"म्हातारी झालीय ती. काहीही बोलते. या बाईंचा नि आमच्या घराचा तसा काही संबंध नाही. म्हणजे, आजपर्यंत नव्हता."

मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला. आईने मुलाकडे असं पाहिलं की जणू हा कोण परका माणूस समोर उभा आहे. मग ती मटकन खुर्चीत बसली. 

जयमालाने मान हलवली. पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि ते साहेबांच्या पुढ्यात सरकवलं.

"ऐकलंत ना साहेब? मग माझा अर्ज रद्द करा. मला हे लग्न करायचं नाही."

"जयमाला!" नंदकिशोर किंचाळला. "अगं, काय बोलतेस? मी तर आपल्यासाठीच... तूच म्हणालीस ना मी सांगेन ते मान्य म्हणून!"

"तेच तर मान्य केलं."

ती सासूच्या पायांशी वाकली. म्हातारीने तिचे दोन्ही हात गच्च धरले, सोडीचना. "गो, जाव नको. तो येडो आसा."

"आई, मी राहायला आले होते," जयमाला म्हणाली. "तिकडची नोकरी सोडून आलेय मी. यांना सांगितलं नाही. म्हटलं, आधी बघू, मी लागते कोण. यांनी नुसतं हो म्हटलं असतं ना, की ही माझी बायको आहे, तर काल बोलले तेही मी गिळलं असतं. वाशीलाच कुठेतरी पुन्हा नोकरी धरली असती."

"सोडून?" नंदकिशोरच्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

 तिने सासूच्या हातांतून हात हळूच सोडवून घेतले, केसांतला गजरा काढून मालतीबाईंच्या हातात दिला आणि दाराकडे गेली. नंदकिशोर तिच्यामागे उठला. "साहेब, थांबवा तिला! बायको आहे हो ती माझी! देवाब्राह्मणांसमोर लग्न केलंय मी!"

साहेबांनी त्याच्या सहीचा कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "मिस्टर तिरोडकर, दोन मिनिटांपूर्वी तुम्ही मला काय सांगितलंत? चार माणसांसमोर सांगितलंत. आता आरडाओरडा केलात तर मला पोलीस बोलवावे लागतील. बसा खाली."

तो बसला. जयमाला जिना उतरत असल्याचा आवाज येत होता, आणि मग तोही येईनासा झाला. आई पदराने डोळे पुसत होती, सुभाष खिडकीबाहेर बघत होता. शिपायाने दारातून पुढच्या जोडप्याचं नाव पुकारलं. दोघं लाजत लाजत आत आली आणि खुर्ची कधी रिकामी होते याची वाट बघत उभी राहिली.